तटावरून पडलेली नाणी : डेरीच्या मिरवणुकीचं प्रकरण

१२ ऑगस्ट १९६९. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराच्या जुन्या तटबंदीवर प्रोटेस्टंटांच्या मिरवणुकीला आलेली काही माणसं उभी होती आणि तटाखालच्या वस्तीकडे नाणी भिरकावत होती. पेनीची नाणी, चलनातली अगदी चिल्लर. खाली बॉगसाइडमध्ये राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबांना त्या चिल्लरीचा अर्थ कुणी उलगडून सांगायची गरज नव्हती. दुपार कलेपर्यंत दगड उडू लागले. पोलीस बॉगसाइडमध्ये शिरायला निघाले, रहिवाशांनी रस्त्यांवर अडथळे रचले, उंच इमारतीच्या गच्चीवरून पोरं पेट्रोल बॉम्ब टाकू लागली आणि खालून अश्रुधुराची नळकांडी फुटू लागली. तीन दिवस हे चाललं. १४ ऑगस्टला ब्रिटिश सैन्य शहरात उतरलं. त्याची उत्तर आयर्लंडमधली ती मोहीम अधिकृतपणे संपायला २००७ साल उजाडलं. मधल्या संघर्षात सुमारे साडेतीन हजार माणसं गेली.

ती मिरवणूक आजही दर ऑगस्टला निघते. तट तोच, संघटना तीच, ढोल आणि बासऱ्याही त्याच. खालची वस्तीही जागची हललेली नाही. तरी बहुतेक वर्षी तो दिवस मोठ्या गडबडीशिवाय पार पडतो. कुणी आपला इतिहास सोडला नाही की कुणी आपला धर्म बदलला नाही. कोण खरं आणि कोण खोटं याचा निवाडाही झालेला नाही. अस्मितेची भांडणं मिटवायला निघालेली माणसं बहुतेकदा त्या निवाड्यापाशीच अडकतात. डेरीने तो बाजूला ठेवून वाट काढली, आणि ती कशी काढली हे पायरीपायरीने पाहता येतं. म्हणून हे प्रकरण मला इतकं मोलाचं वाटतं.

नावापासूनच सुरुवात

मी ‘डेरी’ लिहितो आहे, आणि तेवढ्यावरूनच तिथल्या काही जणांना वाटेल की हा त्या बाजूचा. मूळ आयरिश शब्दाचा अर्थ ओक वृक्षांची राई. १६१३ मध्ये राजा पहिला जेम्स याने लंडनच्या व्यापारी मंडळ्यांना हा मुलूख वसवायला दिला आणि सनदेत शहराच्या नावाआधी ‘लंडन’ लागलं. तेव्हापासून आयरिश राष्ट्रवादी, म्हणजे बहुतांशी कॅथलिक, शहराला डेरी म्हणतात. ब्रिटनशी नातं टिकवू पाहणारे युनियनिस्ट, म्हणजे बहुतांशी प्रोटेस्टंट, लंडनडेरी म्हणतात. रस्त्यावरच्या पाट्यांवरचं ‘लंडन’ कुणीतरी रंग फासून पुसतं, पाटी बदलली की पुन्हा पुसतं. जेरी अँडरसन नावाच्या रेडिओ निवेदकाने वैतागून शहराला ‘स्ट्रोक सिटी’ म्हणायला सुरुवात केली, कारण दोन्ही नावं लिहायची तर मध्ये तिरकी रेघ मारावी लागते.

यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ज्या प्रोटेस्टंट संघटनेची ही मिरवणूक, तिचं स्वतःचं नाव ‘अप्रेंटिस बॉइज ऑफ डेरी’ असं आहे. घरात, गाण्यात, आपापसांत तेही डेरीच म्हणतात. समोर दुसऱ्या बाजूचा माणूस आला की मग ‘लंडन’ला धार चढते. चिन्हाचं वजन चिन्हात नसतं, ते समोर कोण उभा आहे त्यावर ठरतं. पुढे मिरवणुकीच्या बाबतीतही हेच दिसतं.

वेढा

डिसेंबर १६८८. इंग्लंडचा कॅथलिक राजा दुसरा जेम्स याचं सिंहासन डळमळलं होतं आणि त्याच्या बाजूची एक पलटण डेरीत ठाणं द्यायला येत होती. शहरातले वडीलधारे काथ्याकूट करत बसले. तेव्हा कारागिरांकडे काम शिकणाऱ्या १३ पोरांनी किल्ल्या हिसकावून वेशी लावून घेतल्या. पुढच्या वसंतात जेम्सच्या फौजेने शहराला वेढा घातला. तो १०५ दिवस चालला. आत कोंडलेल्या लोकांनी कुत्री, मांजरं, उंदीर खाल्ले. भूक आणि रोगराईने हजारो माणसं मेली. अखेर जुलै १६८९ च्या शेवटी जहाजांनी फॉइल नदीतला अडसर फोडला आणि धान्य आत आलं. ‘शरण जाणार नाही’ ही घोषणा तिथल्या प्रोटेस्टंटांच्या तोंडी आजही आहे, ती तिथली.

या कथेत एक फितूरही आहे. शहराचा गव्हर्नर रॉबर्ट लंडी याला लढा हरल्यात जमा वाटत होता. तह करावा असं त्याचं मत. लोक खवळले तेव्हा तो साध्या शिपायाच्या वेशात निसटला. दर डिसेंबरला त्याचा भलामोठा पुतळा जाळतात, छातीवर ‘लंडी द ट्रेटर’ अशी पाटी. तिथल्या प्रोटेस्टंटांच्या बोलण्यात ‘लंडी’ हे विशेषनाम उरलेलंच नाही. आपल्या माणसांना विकणारा कुणीही लंडी. हा लंडी लक्षात ठेवायला हवा, कारण वाटाघाटींच्या खोलीत तो अदृश्यपणे प्रत्येक खुर्चीमागे उभा होता.

वेशी लावणाऱ्या त्या पोरांच्या नावाने १८१४ मध्ये क्लब निघाला आणि त्यातून आजची संघटना वाढली. वर्षातून दोन मोठे दिवस: डिसेंबरात वेशी लावल्याचा, ऑगस्टमध्ये वेढा उठल्याचा.

१२ विरुद्ध ८

हे सगळं नुसतं आठवणींचं भांडण असतं तर त्यातून एवढा वणवा पेटला नसता. १९६० च्या दशकात डेरीत कॅथलिक मतदार १४ हजारांच्या वर होते आणि इतर जेमतेम पावणेनऊ हजार. तरी नगरपालिकेत युनियनिस्ट १२ आणि राष्ट्रवादी ८. प्रभागांच्या सीमा अशा आखलेल्या की बहुतेक कॅथलिक एकाच प्रभागात कोंबले जावेत. घर मिळालं की मत मिळणार, म्हणून घरं देतानाही हिशेब व्हायचा. ५ ऑक्टोबर १९६८ ला नागरी हक्कांसाठी मोर्चा निघाला आणि पोलिसांनी तो लाठ्यांनी फोडला. तीन वर्षांनी, ३० जानेवारी १९७२ ला, ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने बॉगसाइडमध्ये निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. १३ जण तिथेच गेले, चौदावा पुढे दगावला.

हा भाग मी मुद्दाम मांडतो आहे. अस्मितेच्या संघर्षाबद्दल लिहिणारे बरेच जण गैरसमज, पूर्वग्रह, संवादाचा अभाव अशा मऊ शब्दांत अडकतात. बॉगसाइडमधल्या माणसाचा कसलाही गैरसमज झालेला नव्हता. त्याच्यावर अन्याय झाला होता आणि तो आकड्यांत दाखवता येत होता. हा अन्याय आधी दूर व्हायला लागला, म्हणून पुढच्या वाटाघाटी शक्य झाल्या. ती नगरपालिका १९६९ मध्ये बरखास्त झाली, मतदानाचे नियम बदलले, घरवाटप स्वतंत्र मंडळाकडे गेलं. पोट आणि मत दोन्ही दाबून ठेवलेल्या माणसाला ‘बसा, चर्चा करा’ म्हणणं हा दुसरा अपमान असतो.

मात्र त्याच वर्षांत उलट्या दिशेनेही एक गोष्ट घडली. हिंसाचार वाढला तसे नदीच्या पश्चिमेकडचे प्रोटेस्टंट उठून पूर्वेकडच्या वॉटरसाइडला गेले. तटाच्या सावलीत फाउंटन नावाची एक छोटी वस्ती तेवढी उरली. तटावरच्या बुरुजावर वेढ्याच्या काळातल्या पुढाऱ्याचा, जॉर्ज वॉकरचा उंच स्तंभ होता, तो आयआरए या सशस्त्र आयरिश राष्ट्रवादी संघटनेने १९७३ मध्ये उडवला. नगरपालिकेने १९८४ मध्ये आपल्या नावातलं ‘लंडन’ काढून टाकलं. वेढ्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला वाटू लागलं की वेढा पुन्हा पडला आहे, या वेळी आतूनच.

अशा स्थितीला दुहेरी अल्पसंख्यत्व म्हणतात. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक अल्पसंख्य, डेरीत प्रोटेस्टंट अल्पसंख्य. दोघांचंही भय खरं. आणि दोघांनाही समोरचा भ्यालेला आहे हे पटत नाही, कारण आपल्याला तो दांडगाच दिसत आलेला असतो.

भांडण नेमकं कशाचं

डेरीचा तट एक पूर्ण कडं आहे, साधारण दीड किलोमीटरचं. पश्चिमेच्या बाजूला तो बॉगसाइडच्या थेट डोक्यावर येतो. संघर्षाच्या काळात तिथे लष्कराची टेहळणी होती आणि बराचसा तट लोकांना बंद होता. ऑगस्ट १९९४ मध्ये आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली, तट हळूहळू खुला झाला, आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये अप्रेंटिस बॉइजनी ठरवलं की पंचविसाहून अधिक वर्षांनी पुन्हा संपूर्ण तटावरून फेरी काढायची. बॉगसाइडच्या रहिवाशांनी संघटना केली, ते तटावर जाऊन बसले. पोलिसांनी त्यांना उचलून बाजूला केलं, मिरवणूक गेली आणि रात्री शहरात दंगल झाली.

मिरवणूकवाल्यांच्या लेखी हा अगदी साधा प्रश्न. हा तट आमच्या पूर्वजांनी राखला, उपाशी मरून राखला. आमच्याच तटावर चालायला आम्ही कुणाची परवानगी मागायची? आज परवानगी मागितली तर उद्या ती नाकारली जाईल, आणि मागितली म्हणजे हे शहर आपलं नाही हे कबूल केलं.

खालच्यांच्या लेखीही तो तितकाच साधा. हे लोक पन्नास वर्षं आमच्या डोक्यावर बसले. तिथूनच नाणी पडली, तिथूनच शिपाई आमच्या परसात डोकावत राहिले. आता शांतता आली म्हणता, आणि पहिलं काम काय, तर पुन्हा ढोल बडवत आमच्या डोक्यावरून जायचं? आम्हाला साधं विचारायचंही नाही?

दोन्ही म्हणणी पुन्हा वाचून पाहावीत. दोघंही ‘विचारणं’ याच क्रियेवर अडलेले आहेत. एकाला विचारलं गेलं नाही तर त्याची किंमत शून्य, दुसऱ्याने विचारलं तर त्याची मालकी गेली. जमीन अर्धी-अर्धी करता येते, पैसे हप्त्याने देता येतात; हे कसं वाटायचं?

हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. मुलांचे गट अगदी फालतू कारणाने पाडले होते, पडद्यावरच्या ठिपक्यांचा अंदाज कमी आला की जास्त, यावरून. मग त्यांना पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, एवढंच झालं नाही. आपल्याला एकूण कमी मिळालं तरी चालेल पण ‘त्यांच्या’पेक्षा जास्त मिळायला हवं, असंही बऱ्याचदा वाटप केलं. ठिपक्यांवरून इतकं होत असेल तर तीनशे वर्षांपूर्वीच्या वेढ्यावरून किती होईल याचा अंदाज करता येतो. मात्र त्या प्रयोगात एक गोष्ट नव्हती: मुलांना वाटपानंतर एकाच बाजारात दुकानं चालवायची नव्हती. डेरीकरांना चालवायची होती. तोडग्याचा धागा तिथेच सापडला.

दोन शहरं, दोन वाटा

त्याच वर्षांत पोर्टाडाउन गावात असाच वाद पेटला होता. ऑरेंज ऑर्डर या दुसऱ्या, अधिक मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेची मिरवणूक ड्रमक्रीच्या चर्चवरून परतताना गार्वेही रोड या कॅथलिक वस्तीतून जायची. रहिवासी आडवे आले. ऑरेंज ऑर्डरने ठाम भूमिका घेतली: रहिवाशांच्या संघटनेशी बोलणार नाही. १९९६ मध्ये पोलिसांनी आधी मिरवणूक अडवली, चार दिवस सगळीकडे युनियनिस्टांच्या दंगली झाल्या, मग पोलिसांनी माघार घेऊन ती त्याच रस्त्यावरून रेटली, आणि मग राष्ट्रवादी वस्त्यांत दंगली झाल्या. ज्याचा जमाव मोठा त्याचं खरं, हा धडा दोन्ही बाजूंनी एका आठवड्यात गिरवला. १९९८ मध्ये मिरवणुकीला तो रस्ता बंद झाला. त्या जुलैच्या तणावात बॅलीमनी गावात एका घरावर पेट्रोल बॉम्ब पडला आणि तीन लहान भाऊ जळून मेले. १९९७ नंतर ती मिरवणूक गार्वेही रोडवरून गेलेली नाही, आणि समेटही झालेला नाही.

१९९६ चा जुलै डेरीतही तापलेलाच होता. त्या दंगलीत पोलिसांच्या चिलखती गाडीखाली येऊन एक माणूस मेला. ऑगस्टची मिरवणूक महिन्यावर आलेली. शहराचे खासदार जॉन ह्यूम यांनी दोन्ही बाजूंना एकत्र बसवलं. तोडगा निघाला नाही. रहिवाशांना इतर गावांतल्या मिरवणुकांचा प्रश्नही याच वाटाघाटीत हवा होता. अप्रेंटिस बॉइजचं म्हणणं, दुसऱ्या गावाचं आम्ही कसं ठरवणार? शेवटी सरकारने बॉगसाइडवरचा तटाचा भाग काटेरी तारा आणि सैनिक लावून बंद केला.

वरवर पाहता हे अपयश होतं. माझ्या मते प्रकरणाला कलाटणी इथेच मिळाली. ऑरेंज ऑर्डरने जी गोष्ट शेवटपर्यंत टाळली ती इथे घडून गेली होती: समोरासमोर बसणं. ज्याच्याशी एकदा बोलून फिसकटलं त्याच्याशी पुन्हा बोलता येतं. ज्याच्याशी बोलणंच पाप ठरवलं त्याच्याशी बोलायला सुरुवात करायची तर आधी स्वतःच्याच माणसांचा रोष पत्करावा लागतो.

विचारणं आणि परवानगी मागणं

पुढची काही वर्षं सरळ रेषेत गेली नाहीत. ऑगस्ट निभावला तर डिसेंबर पेटायचा. डिसेंबरची मिरवणूक नेमकी नाताळच्या खरेदीच्या दिवसांत येते. भर बाजारात दगडफेक आणि जाळपोळ झाली की व्यापाऱ्यांचं वर्षाचं गणित कोलमडतं. तेव्हा शहरातले व्यावसायिक पुढे आले. त्यांत ब्रेंडन डडी हे ठळक नाव. बॉगसाइडला ओळखणारा, शहरात हॉटेलं आणि दुकानं चालवणारा हा माणूस कित्येक वर्षं ब्रिटिश सरकार आणि आयआरए यांच्यातला गुप्त दुवा होता, हे जगाला बऱ्याच उशिरा कळलं. मध्यस्थ बाहेरचा, तटस्थ, कुणाचाच नसलेला असावा असं आपण धरून चालतो. डडी तसे अजिबात नव्हते. ते एका बाजूचे म्हणून ओळखले जात, पण दिलेला शब्द पाळतात ही ओळख त्याहून मोठी होती. शिवाय उद्या शहर जळालं तर त्यांचंही जळणार होतं. अशा माणसाला कुणी ‘तुझं काय जातंय’ असं विचारू शकत नाही.

सगळ्यात महत्त्वाची फोड झाली ती ‘विचारणं’ या शब्दाची. अप्रेंटिस बॉइजनी तटावर चालण्याचा हक्क कधीच सोडला नाही आणि रहिवाशांनी तो कधी तोंडाने मान्यही केला नाही. तो प्रश्न तसाच ठेवून दोघं दुसऱ्या प्रश्नावर आले: चालायचंच असेल तर कसं? किती माणसं? कोणत्या वेळी? बँड कुठे वाजेल आणि कुठे थांबेल? पिऊन आलेल्यांना कोण आवरेल? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देता येत होतं, आणि देताना कुणाची मान खाली जात नव्हती. ‘आम्ही परवानगी मागितली नाही, शेजाऱ्यांशी बोललो’ असं एक बाजू घरी सांगू शकत होती. ‘आम्हाला विचारल्याशिवाय ते गेले नाहीत’ असं दुसरी. एकाच बैठकीची ही दोन वर्णनं, आणि दोन्ही खरी.

जे वाटता येणार नाही असं वाटत होतं त्याचे असे तुकडे पडले. आज ऑगस्टच्या त्या शनिवारी सकाळी संघटनेच्या मूळ क्लबांचे थोडे सभासद तटावरून फेरी काढतात. मग चौकातल्या युद्धस्मारकावर पुष्पचक्र, सेंट कोलंब कॅथीड्रलमध्ये प्रार्थना, आणि बाहेरगावाहून आलेल्या हजारो लोकांची, असंख्य बँडांची मोठी मिरवणूक दुपारी, रस्त्यावरून. वस्तीच्या डोक्यावरून जाणारं ते थोड्या लोकांचं आणि सकाळचं; गर्दी आणि गजर दुसरीकडे. तीनशे वर्षांचा विधी शाबूत राहिला आणि दंडेलीचा वास बराच कमी झाला.

त्याच्या जोडीला संघटनेने आणखी एक पाऊल उचललं, ज्याची मला फार कदर वाटते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिने मिरवणुकीभोवती एक उत्सव सुरू केला. वेढ्याची कथा, नाटकं, प्रदर्शनं, ज्याला यायचं त्याने यावं. २०१६ मध्ये संघटनेच्या सभागृहाला लागून वेढ्याचं संग्रहालय उघडलं. इतके दिवस जी गोष्ट फक्त ढोलाने ऐकवली जात होती ती आता सांगितली जाऊ लागली. ढोलाला उलट प्रश्न विचारता येत नाही. संग्रहालयात उभं राहून ‘मग इथले कॅथलिक तेव्हा कुठे होते?’ असं विचारता येतं.

सरकारनेही एक काम नीट केलं. कुठली मिरवणूक कोणत्या अटींवर जाईल हे ठरवायचं काम पोलिसांकडून काढून परेड्स कमिशन या स्वतंत्र आयोगाकडे दिलं, त्याला १९९८ च्या कायद्याने अधिकार आले. निर्णय देणारा आणि काठी चालवणारा वेगळा झाला. शिवाय आपसांत बोललात तर तुमचं तुम्ही ठरवाल, नाहीतर आयोग ठरवेल, ही जाणीव टेबलापाशी बसवायला पुरेशी असते. एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे या शांतता करारात तर उत्तर आयर्लंडमधल्या प्रत्येकाने स्वतःला आयरिश म्हणवावं, ब्रिटिश म्हणवावं की दोन्ही, हा त्याचा हक्क असल्याचंच लिहून ठेवलं. ती हवा डेरीतल्या त्या खोलीपर्यंत नक्कीच पोहोचली.

खुर्चीमागचा लंडी

दोन गटांच्या वाटाघाटी म्हणताना आपण समोरासमोरच्या दोन खुर्च्या पाहतो. खरी कठीण वाटाघाट खोलीबाहेर असते, आपापल्या लोकांशी. अप्रेंटिस बॉइजच्या प्रतिनिधीला समोरच्या रहिवाशाची जितकी भीती नव्हती तितकी स्वतःच्या क्लबातल्या कुजबुजीची होती. दर डिसेंबरला जळणारा पुतळा हा शेवटी तडजोड करू पाहणाऱ्याचाच पुतळा आहे. ज्या समाजाचा मोठा सण ‘तह करणारा तो गद्दार’ हे शिकवतो, त्या समाजाच्या प्रतिनिधीने तह कसा करावा? रहिवाशांच्या बाजूलाही हेच होतं. ज्यांची माणसं गोळ्यांनी मेली, त्यांच्यातून उठून कुणी ‘त्यांना तटावरून जाऊ द्या’ म्हणायचं म्हणजे आगीशी खेळ.

डेव्हिड ट्रिंबल यांचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९९५ मध्ये ड्रमक्रीच्या मिरवणुकीनंतर ते कडवे युनियनिस्ट नेते इयन पेझ्ली यांच्या हातात हात उंचावून विजयी मुद्रेने चालले. त्या वर्षी ते अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे नेते झाले, १९९८ मध्ये त्यांनी गुड फ्रायडे करार केला, ह्यूम यांच्यासोबत शांततेचं नोबेल मिळवलं, आणि आपल्याच लोकांकडून ‘लंडी’ ही शिवी ऐकली.

म्हणून अशा कामात उतरणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारावा असं मला वाटतं: हा माणूस इथून उठून घरी गेला की काय सांगणार आहे? त्याला सांगण्याजोगं वाक्य आपण देतो आहोत का? डेरीत मोठा जाहीर करार, हस्तांदोलनाचा फोटो, भाषणं यांचा हट्ट कुणी धरला नाही. ‘समझोता’ हा शब्ददेखील जपून वापरला गेला. सलोख्याचं प्रदर्शन करायच्या घाईने कितीतरी चांगल्या वाटाघाटी मोडल्या आहेत, कारण तो फोटो पाहणारा पहिला माणूस शत्रू नसतो, आपलाच चुलतभाऊ असतो.

जिथे हा नमुना लागू पडत नाही

डेरीच्या यशाचं कौतुक करताना पोर्टाडाउनच्या माणसांना नुसतंच हट्टी ठरवणं अन्यायाचं होईल. दोन शहरांत एक मूलभूत फरक होता. डेरीत राष्ट्रवादी बहुसंख्य होते, नगरपालिका त्यांच्या हाती होती, त्यांना शहर गमावण्याची भीती नव्हती. मोठं मन करणं अशा वेळी परवडतं. अप्रेंटिस बॉइज तिथे अल्पसंख्य. शेजाऱ्याशी जुळवून घेतल्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं. पोर्टाडाउनमध्ये उलट: मिरवणूकवाले बहुसंख्य, रहिवासी एका कोपऱ्यात दाबलेले. ज्याच्याकडे संख्या आहे आणि चाल करण्याची सवयही आहे, त्याला बोलण्याची गरज वाटत नाही. कुणाच्या हाती सत्ता, कुणाच्या हाती संख्या आणि कोण चाल करून येतो आहे, हे न पाहता डेरीचं सूत्र दुसरीकडे चिकटवलं तर ते दुबळ्याला गप्प बसवायचं साधन होईल. हा धोका खरा आहे आणि तो मध्यस्थांच्या हातून नकळत घडतो.

दुसरं म्हणजे न्यायाचं काम वाटाघाटींनी होत नाही. १९७२ च्या गोळीबारातले मृत निर्दोष होते हे सरकारच्या तोंडून ऐकायला कुटुंबांना २०१० पर्यंत थांबावं लागलं. चौकशी अहवाल आला त्या दिवशी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली आणि डेरीच्या गिल्डहॉल चौकात जमलेले लोक रडले. तटावरच्या सकाळच्या फेरीने ही जखम भरली नसती आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नव्हती.

ऑगस्ट २०१९

इतकं सगळं जुळून आल्यावरही १० ऑगस्ट २०१९ ला एका बँडच्या बाह्यांवर पॅराशूट रेजिमेंटचं चिन्ह आणि सोबत ‘एफ’ हे अक्षर झळकलं. बँड बाहेरगावचा, लार्नचा. ‘एफ’ म्हणजे सोल्जर एफ, १९७२ च्या त्या गोळीबाराबद्दल तेव्हा खुनाचे आरोप असलेला माजी सैनिक; २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. बॉगसाइडसाठी ही १९६९ ची नाणी पुन्हा पडली असंच होतं. पोलीस बँडच्या दोन्ही बाजूंनी चालले. शहर चिडलं.

चिन्ह लावणारे लोक दिवस संपताच आपल्या गावी परतणार होते. डेरीत उरणार होते ते स्थानिक अप्रेंटिस बॉइज आणि त्यांचे शेजारी. संघटनेने शहरातल्या लोकांशी बोलणी केली आणि या प्रकाराने राष्ट्रवादी समाजाला दुःख झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं. हे मान्य करणं सोपं नव्हतं, लंडीची कुजबूज तेव्हाही झाली असणार. पण वीस वर्षांत बांधलेली ओळख अशा दिवशीच कामाला येते.

बाकी बरंच काही जागच्या जागी आहे. फाउंटन वस्तीभोवतीचं उंच कुंपण उभं आहे. बहुसंख्य मुलं अजून वेगवेगळ्या शाळांत जातात. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी लंडी जळतो. २००७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नगरपालिकेने स्वतःचं नाव बदललं तरी १६६२ च्या राजसनदेनुसार शहराचं कायदेशीर नाव लंडनडेरीच आहे. म्हणजे नगरपालिका डेरीची आणि शहर लंडनडेरी, आणि रस्त्यावरच्या पाट्यांवरचं ‘लंडन’ अजूनही रात्रीत कुणीतरी पुसून जातं.